फॉर्ममागे ८० रुपये

पर्वती पायथ्याच्या वस्तीतून एका ताईंचं पत्र आलंय. वहीची चार पानं दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेली, फोटो काढून पाठवलेली. सगळं इथे देता येत नाही म्हणून सार सांगते. ताई चार घरी स्वयंपाकाला जातात आणि सोळा जणींच्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. महिन्याभरापूर्वी विम्याचं काम करणारा एक माणूस त्यांना भेटला. वर्षाला ५९९ रुपये भरायचे, घरातल्या कमावत्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर एक लाख, भरती व्हावं लागलं तर दिवसाला ५०० रुपये. ताईंनी वस्तीतल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायचे, प्रत्येक फॉर्ममागे त्यांना ८० रुपये. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"मला पैशाची गरज आहे, खोटं बोलत नाही. पण माझ्या शेजारच्या काकूंचे मिस्टर दिवाळीच्या आधी वारले. काकूंनी छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीकडून ४० हजार घेतले होते, तेव्हा विम्याचे म्हणून पैसे कापले होते. माणूस गेल्यावर कंपनीने कर्ज मिटवलं, काकूंच्या हातात एक रुपया आला नाही. आता वस्तीत विमा म्हटलं की बायका तोंड फिरवतात. मीही फिरवलं असतं. पण करोनात आमच्या गल्लीत तीन घरातला कर्ता माणूस गेला. एकीने पोरीची शाळा सोडवली, ते मी डोळ्याने बघितलंय. हे काम घेऊ का? आपल्याच बायकांवर पैसे कमावल्यासारखं होईल का? माझ्या ८० मधले ४० मी प्रत्येकीला परत दिले तर चालेल का?"

ताई,

घ्या हे काम. मात्र त्या माणसाला आधी एक काम सांगा आणि ते होईपर्यंत एकही फॉर्म भरू नका. "तुमच्या या विम्याचे पैसे पुण्यात ज्या घराला मिळालेत, अशा एका घरी मला घेऊन चला," असं म्हणा. हडपसर असो, येरवडा असो, जाऊन या. त्या बाईंच्या शेजारी बसा आणि विचारा, माणूस गेल्यावर कोण आलं होतं, कुठले कागद मागितले, किती दिवसांनी पैसे खात्यात पडले. तो घेऊन गेला तर तुमची अर्धी शंका तिथेच फिटेल. "बघतो, सांगतो" करत राहिला तर काय समजायचं ते तुम्ही समजालच.

हे मी इतकं ठासून सांगते, त्याला कारण आहे.

२०१५ च्या मे महिन्यात प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आली. वर्षाला १२ रुपये आणि दोन लाखांचा अपघात विमा. मी तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग घ्यायचे. मुलांच्या आयांना आणि जमेल तेवढ्यांच्या नवऱ्यांना गोळा करून मी स्वतः फॉर्म भरून घेतले. दोन दिवसांत साठेक झाले. "एका वडापावच्या पैशात दोन लाख," असं मी दारोदार सांगत होते आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्यातल्या एकीचा नवरा, रंगकाम करणारा, परांचीवरून खाली पडला. उठला, कपडे झटकले, रिक्षाने घरी आला. छातीत दुखतंय म्हणाला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं. पहाटे गेला. डॉक्टरने दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून दिलं. ठेकेदार सकाळी सातलाच हजर. हातावर दहा हजार ठेवले आणि म्हणाला, पोलिसांची भानगड कशाला, गावी घेऊन जा. त्यांनी टेम्पो केला आणि दुपारी करमाळ्याजवळच्या गावात अग्नी दिला.

तेरावा झाल्यावर त्या बाई माझ्याकडे आल्या. हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत नवऱ्याचं पासबुक. १२ रुपये कापल्याची ओळ त्यांच्या मुलीने निळ्या पेनने गोल करून ठेवली होती. अपघाताचा विमा म्हटला की पोलिसांची नोंद लागते, पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. चार महिने आम्ही दोघी फिरलो. बँक म्हणायची विमा कंपनीला विचारा, कंपनी दाखल्यावरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवायची. शेवटी दावा नामंजूर. आज शांतपणे विचार केला तर नियमाने त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. चूक माझी होती. मी साठ जणांना १२ रुपये सांगितले, दोन लाख सांगितले. अपघातात माणूस गेला तर गावी नेण्याआधी पोलिसांत नोंद करा, शवविच्छेदनासाठी ससून रुग्णालयात न्या, हे मात्र सांगितलं नाही. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्यानंतर विम्याबद्दल कुणी काही विचारलं की मी शेवटाकडून सुरुवात करते. आधी दाव्याचा फॉर्म बघते, मग माहितीपत्रक. तुम्हीही त्या माणसाकडून दाव्याचा कोरा फॉर्म आजच मागून घ्या. त्यात जे कागद मागितलेत ते तुमच्या वस्तीतल्या घरात निघतील का, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. आणि हे लक्षात ठेवा की वस्तीपुरती कंपनी म्हणजे तुम्हीच असणार. त्या माणसाची वर्षभरात बदली होईल, तुमचं घर तिथेच राहील. ज्या घरात माणूस जाईल त्या घरची बाई तुमचंच दार वाजवणार.

आता बायकांना विमा समजवायचा कसा? कुणी गेलं की गल्लीतली पोरं वही घेऊन फिरतात ना? कुणी ५०, कुणी १००. त्यात गाडीचा, लाकडाचा खर्च निघतो. विमा म्हणजे तीच वर्गणी, आधीच गोळा करून ठेवलेली, आणि एका गल्लीऐवजी हजारो गल्ल्यांमधून आलेली, त्यामुळे पोराच्या फीपर्यंत पुरणारी. "काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार. सरळ सांगा, मिळत नाहीत. भिशी कधी ना कधी आपल्याला लागते, हा विमा आपल्याला न लागो अशीच आपण देवाकडे मागणी करतो. दुसऱ्याच्या मयताला दिलेले ५० रुपये आपण कधी परत मागत नाही, हे आपल्या बायकांना चांगलं कळतं. त्यांना कळत नाही असं धरून गोड बोलून पटवायला गेलात तर मात्र वर्षभराने त्या तुम्हाला धरतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

कष्टकरी माणसांचा असा विमा पुण्याला नवा नाही. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने, म्हणजे कचरावेचकांच्या संघटनेने, पाठपुरावा केला आणि २००२-०३ पासून पुणे महापालिका नोंदणी असलेल्या कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. अन्नपूर्णा परिवार या संस्थेने वस्त्यांमधल्या सभासद बायकांच्याच वर्गणीचा निधी उभा केला, आणि कुणाचा दावा मंजूर करायचा हेही सभासदांचीच समिती ठरवते. कुणाच्या घरात खरोखर काय घडलं ते शेजारणीला माहीत असतं, ही त्यामागची ताकद. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात जवळची वाटते. पण सोळा जणींच्या गटाने एकट्याने असा निधी काढू नये. एका वर्षात दोन घरांवर वेळ आली की तो कोरडा पडेल.

त्या ५९९ रुपयांकडे वळू. हा विमा आणि आधीपासून असलेले विमे शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपये आहे. १८ ते ५० वयात घेता येते, ५५ पर्यंत चालू ठेवता येते, आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला दोन लाख मिळतात. फक्त नव्याने घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. सुरक्षा विमा योजनेचे १२ चे आता २० रुपये झालेत. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः आलं तर एक लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये. ज्याचा विमा त्याच्याच बँक किंवा पोस्टाच्या खात्यातून हप्ता जातो. म्हणजे काकूंच्या खात्यातून गेलेले ४३६ काकूंसाठी, काकांचे वेगळे. इथेच निम्म्या घरांची गल्लत होते: बाईच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि नवऱ्याचा विमा झाला असं सगळे धरून चालतात.

दवाखान्याचं म्हणाल तर रेशन कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. हप्ता काही नाही. नेमून दिलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचा मदतनीस, कुठे बसतो ते पहिलं विचारायचं, बिल झाल्यावर नव्हे.

मग त्या माणसाच्या विम्यात राहतं काय? दिवसाचे ५०० रुपये. त्याला मी कमी लेखत नाही. फुले योजनेत ऑपरेशन होईल, पण पंधरा दिवस कामावर न गेल्याने चार घरचा पगार कापला जातो तो कुणी देत नाही. स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्याच्या बाईला भरती होणं परवडत नाही ते त्यामुळेच. म्हणून हा भाग खरा असेल तर उपयोगाचा आहे. खरा आहे का ते असं बघा: किती तास भरती राहावं लागतं, वर्षात जास्तीत जास्त किती दिवस मिळतात, बाळंतपण धरतात का, पहिले ३० दिवस आजारपण धरत नाहीत ना, साखर-बीपी आधीपासून असेल तर किती वर्षं थांबायचं. आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवण्याची मुभा कंपन्यांना आहे. चाळिशी ओलांडलेल्या, साखरेची गोळी खाणाऱ्या बाईला हे न सांगता फॉर्मवर सही घेणं म्हणजे तिच्याकडून तीन वर्षांचा हप्ता फुकट घेतल्यासारखं आहे.

आणि विचारा, ही पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? इतक्या थोड्या पैशाचा विमा बहुतेक वेळा सामूहिक असतो. मूळ पॉलिसी एखाद्या संस्थेच्या नावावर, आपल्या बायका फक्त यादीत. तसं असेल तर प्रत्येकीच्या नावाचं विमा प्रमाणपत्र हातात पडलं पाहिजे, खरी विमा कंपनी कोणती ते त्यावर छापलेलं असलं पाहिजे, आणि मधली संस्था उद्या निघून गेली तर विम्याचं काय होतं ते लेखी मिळालं पाहिजे.

ही भीती मी उगाच घालत नाही. झिंबाब्वेमध्ये २०१० साली एका मोबाइल कंपनीबरोबर इकोलाइफ नावाचा विमा सुरू झाला. महिन्याला ठरावीक रिचार्ज केला की जीवन विमा मिळायचा. काही महिन्यांतच दहा लाखांवर माणसं त्यात आली. ज्यांनी आयुष्यात कधी विमा बघितला नव्हता अशी गरीब माणसं. मग भागीदार कंपन्यांमध्ये पैशावरून वाद झाला आणि २०११ मध्ये योजना एकदम बंद पडली. एका झटक्यात त्या सगळ्यांचं छत्र गेलं. नंतर लोकांना विचारलं तेव्हा कित्येकांनी पुन्हा असला विमा घेणार नाही असं सांगितलं. तुमच्या वस्तीत काकूंच्या अनुभवाने जे झालं, तेच तिथे अख्ख्या देशात झालं.

उलट फिलिपीन्समध्ये कार्ड नावाच्या संस्थेने कर्जदार बायकांचीच, त्यांच्याच मालकीची विमा संघटना केली. त्यांचा नियम एक-तीन-पाचचा. दावा एका दिवसात द्यायचा, नाही जमलं तर तीन, फार तर पाच. हे वाचलं तेव्हा मला दांडेकर पुलाजवळच्या त्या बाई आठवल्या. आपल्याकडे दहावा-तेराव्याला माणसं जेवू घालावी लागतात, त्याच दिवसांत पैसा लागतो. सहा महिन्यांनी दोन लाख आले तरी तोपर्यंत घराने शेकडा पाचने कर्ज काढलेलं असतं आणि विम्याचा मोठा हिस्सा सावकाराकडे जातो. म्हणून त्या माणसाला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच: किती दिवसांत? आणि लेखी.

आता तुमच्या मनातलं, कमिशन. ताई, त्यात पाप नाही. तुम्ही संध्याकाळी पायऱ्या चढून घरोघरी जाणार, आधार कार्डांच्या झेरॉक्स काढणार, दावा झाला की कामावर खाडा करून बँकेत बसणार. त्या कष्टाचे पैसे घ्या. पण ४० रुपये परत देऊ नका. मन मोठं आहे तुमचं, तरीही १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे हप्त्यात किंवा कमिशनमध्ये अशी सूट द्यायला बंदी आहे. त्याऐवजी बैठकीत सगळ्यांसमोर सांगा, "या फॉर्ममागे मला ८० रुपये मिळतात." ज्या बाईला हे उघड सांगता येतं तिला बाकीचंही खरं सांगावं लागतं. आणि आधी ४५६ रुपयांचं सांगा, फुले योजनेचं सांगा, मग तुमच्या ५९९ चं. काही जणी म्हणतील, मग मला तुमचा नको. त्यांचे ८० रुपये जाऊ द्या.

तुम्ही अध्यक्ष आहात याचंही भान ठेवा. गटातून कर्ज हवं असेल तर विमा काढ, असं बोलण्याच्या ओघातसुद्धा निघू देऊ नका. गटाच्या बचतीतून हप्ता वळता करू नका. रोख पैसे हातात घेऊ नका, ज्याच्या त्याच्या खात्यातूनच जाऊ देत. आणि कामाला लागण्याआधी कंपनीकडून लेखी नेमणूक घ्या. बचत गटाला सूक्ष्म विम्याचं, म्हणजे असल्या छोट्या रकमेच्या विम्याचं, काम करता यावं म्हणून २००५ सालापासून नियम आहेत. कंपनीने करार करायचा आणि २५ तासांचं प्रशिक्षण स्थानिक भाषेत द्यायचं, असं त्यात होतं. "फॉर्म भरा, बाकी मी बघतो" म्हणणाऱ्याच्या भरवशावर आपलं नाव वस्तीत पणाला लावू नका.

सगळ्यात जास्त वेळ कशात द्यायचा ते सांगते, कारण इथेच पैसे अडकतात. एका रविवारी सोळा जणींना आपापले कागद घेऊन बोलवा. आधार, पासबुक, रेशन कार्ड, मुलांचे दाखले. सतरंजीवर मांडा आणि नावं जुळवा. आपल्या बायकांचं लग्नात नाव बदलतं, कधी कधी पहिलं नावही. खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. एका कागदावर सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई, तिसऱ्यावर सुमती. माणूस जिवंत असताना ही दुरुस्ती अर्ध्या दिवसाचं काम आहे, गेल्यावर तीच सहा महिने खाते. मग नॉमिनी बघा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचं नाव असतं, आणि आई जाऊन दहा वर्षं झालेली असतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या वतीने पैसे कोण स्वीकारणार त्याचं नाव लिहावं लागतं. नवरा पिऊन पैसे उडवेल अशी धास्ती असलेली एखादी असेल, तिला हे बाजूला घेऊन सांगा. तिला बहिणीचं नाव घालावंसं वाटेल.

आणखी एक, २० मेच्या सुमाराची बैठक कायमची ठरवून टाका. सरकारी दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे संपताना खात्यात शिल्लक नसली तर हप्ता जात नाही आणि विमा गपचूप संपतो. शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या खर्चाचे दिवस असतात ते, खाती रिकामी असतात. त्या बैठकीत प्रत्येकीने खात्यात ५०० रुपये आहेत का तेवढं सांगायचं. बस.

काही अडलं तर रस्ता असा. पहिली तक्रार कंपनीकडे, लेखी, पोच घेऊन. विमा नियामकाचा फोन १५५२५५ आहे, फुकट लागतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं असतं.

आता काकूंबद्दल, कारण तुमच्या पत्रातली तीच गोष्ट मला झोपू देत नाही. त्यांचं कर्ज फिटलं ही गोष्ट लहान नाही. विमा नसता तर दर आठवड्याला कुणीतरी दारात उभं राहिलं असतं. पण हा विमा कर्जापुरता आहे, की ४० हजारांचा पूर्ण आणि उरलेलं कर्ज वजा करून बाकी नॉमिनीला, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ते कळण्याचा हक्क त्यांना आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे छोट्या कर्जाबरोबर विमा द्यायचा तर कर्जदाराची पूर्ण संमती लागते, आणि त्याचे किती पैसे घेतले ते त्यांच्याकडच्या कर्जाच्या कार्डावर त्यांना समजणाऱ्या भाषेत लिहिलेलं असावं लागतं. ते कार्ड शोधा. विम्याची रक्कम काय लिहिलीय आणि काका गेले त्या दिवशी कर्ज किती उरलं होतं, दोन आकडे शेजारी मांडा. विम्याची रक्कम मोठी निघाली तर विमा कंपनीकडे प्रमाणपत्राची प्रत मागा आणि फरक कुठे गेला ते लेखी विचारा.

आणि हे सगळं करण्याआधी, उद्याच, काकांचं पासबुक घेऊन बँकेत जा आणि एंट्री मारून आणा. काका पंचावन्नच्या आतले होते का? तसं असेल तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या ओळी बघा. ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली तर काकूंचे दोन लाख अजून बँकेत मागायचे राहिलेत. जनधन खातं उघडताना सह्या केलेल्या असतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो, असं मी एकदा नाही, तीनदा बघितलंय. मृत्यूचा दाखला, काकूंचं आधार, त्यांच्या स्वतःच्या खात्याचं पासबुक आणि झेरॉक्स बरोबर ठेवा. काउंटरवरच्या माणसाने "असं काही नसतं" म्हटलं तरी उठू नका, दाव्याचा फॉर्म मागा. त्या दिवशी एका घरचा स्वयंपाक बुडाला तर बुडू दे, काकूंना एकट्याने पाठवू नका. काय निघालं ते मला कळवा.